सत्तरी ओलांडलेल्या रॉकवाल्यांच्या नव्या अल्बमवर कसं लिहावं

सप्टेंबर २०२४ मध्ये पिंक फ्लॉइड या बँडचे गिटारवाले डेव्हिड गिलमोर यांचा 'लक अँड स्ट्रेंज' आला तेव्हा ते ७८ वर्षांचे होते. त्याच वर्षी जुलैत डीप पर्पल या बँडचा 'इक्वल्स वन' आला. त्यात गाणारे इयान गिलनही तेव्हा ७८चेच. गायक पीटर गॅब्रिएल यांनी २०२३ मध्ये 'आय/ओ' पूर्ण केला. नव्या गाण्यांचा त्यांचा त्याआधीचा अल्बम होता २००२चा. रोलिंग स्टोन्सनी १८ वर्षांनी स्वतःची नवी गाणी काढली. येस आणि जेथ्रो टल हे बँड, गिटारवाले स्टीव्ह हॅकेट, यांचंही थांबायचं लक्षण नाही. आणि गंमत म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबारला बसून ऐकणाऱ्याला हे सगळं आता लंडनवाल्याच्याच दिवशी मिळतं. एके काळी भुसावळच्या रेल्वे कॉलनीतून कुणाच्या तरी कॅसेटची कॉपी, मग तिची कॉपी, अशी गाणी फिरत यायची आणि आपल्या हाती लागलेल्या कॉपीत झांजा ऐकूच यायच्या नाहीत. ती सबब संपली.

मराठीत या अल्बमवर जे थोडंफार लिहिलं जातं ते बहुधा दोनच सुरांत. एक हार घालणारा: 'या वयातही तोच जोश!' दुसरा खांदा द्यायला निघालेला: 'आता थांबायला हवं होतं.' ही दोन्ही वाक्यं अल्बम न ऐकता लिहिता येतात. नवख्याने एवढीच कसोटी धरली तरी पुष्कळ झालं: मी लिहिलेलं वाक्य अल्बम न ऐकलेल्या माणसाला लिहिता आलं असतं का? आलं असतं तर खोडायचं. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

१. आधी माणसं मोजा

जुन्या बँडचं नाव तेच असतं, आतली माणसं बदललेली असतात. म्हणून गाणं लावायच्या आधी वहीत चार रकाने आखा: नाव, वाद्य, बँडमध्ये कधीपासून, आणि कुणाच्या जागी.

येसचंच बघा. २०२३चा 'मिरर टू द स्काय' येसच्या नावाने आला, पण त्यात मूळ संस्थापकांपैकी कुणीही नाही. बँडमध्ये उरलेले शेवटचे संस्थापक, बास (खालच्या सुरांची गिटार) वाजवणारे ख्रिस स्क्वायर, २०१५ मध्ये गेले. ड्रमर अ‍ॅलन व्हाइट २०२२ मध्ये गेले. गिटारवर स्टीव्ह हाउ आहेत, ते १९७० पासून बँडमध्ये आणि या अल्बमचे निर्मातेही (म्हणजे ध्वनिमुद्रणाची सूत्रं सांभाळणारेही) तेच. ज्या आवाजामुळे लोक येसला ओळखतात तो जॉन अँडरसन यांचा आवाज मात्र भलतीकडेच सापडतो, २०२४च्या 'ट्रू' या अल्बमवर, आणि त्यांच्यासोबत वाजवणारी मंडळी त्यांच्यापेक्षा कितीतरी तरुण. 'येसने निराशा केली' किंवा 'येस परत आले' असं लिहिण्याआधी यातलं कुठलं येस, हे ठरवावं लागतं. माझं मत विचाराल तर नाव हाउ यांच्याकडे आहे आणि जुना रंग अँडरसन यांच्याकडे. दोन्ही अल्बम लागोपाठ ऐकल्याशिवाय एकावरही लिहू नये.

डीप पर्पलमध्ये पहिल्या दिवसापासून आजतागायत प्रत्येक संचात असलेला माणूस एकच, ड्रमर इयान पेस. ऑर्गनवर जॉन लॉर्ड यांच्या जागी २००२ पासून डॉन एअरी आहेत. गिटारवर २०२२ मध्ये सायमन मॅकब्राइड आले. म्हणजे 'इक्वल्स वन' हा नव्या गिटारवाल्याचा पहिला अल्बम. परीक्षणाचा निम्मा मुद्दा इथेच आहे: नवा माणूस जुन्या जागेत मावतोय की जागाच बदलतोय?

रकान्यांच्या खाली निर्मात्याचं नाव वेगळं लिहा आणि त्याभोवती गोल करा. ज्येष्ठ कलावंताच्या अल्बममध्ये निर्माता फार महत्त्वाचा, कारण पन्नास वर्षं गाजलेल्या माणसाला 'हे नको' म्हणणारा खोलीत बहुधा तो एकटाच असतो. गिलमोर यांनी 'लक अँड स्ट्रेंज'साठी चार्ली अँड्र्यू यांना घेतलं. प्रत्येक गाण्यात गिटारचा सोलो (एकट्या गिटारला दिलेली जागा) कशाला हवा, गाणी हळूहळू विरतच का संपवायची, असे प्रश्न त्यांनी केल्याचं गिलमोर यांनीच मुलाखतींत सांगितलंय. हे कळल्यावर अल्बम वेगळा ऐकू येतो. सोलो कुठे नाही, हेही टिपावंसं वाटतं.

ही माहिती कुठून काढायची? अ‍ॅपमधली श्रेयनामावली बऱ्याचदा अर्धवट असते. सीडीची किंवा रेकॉर्डची पुस्तिका सगळ्यात भरवशाची, त्याखालोखाल कलावंताची स्वतःची साइट. चाहत्यांच्या पानांवरून घेतलेली गोष्ट दुसरीकडे ताडून बघितल्याशिवाय छापायची नाही.

२. ऐकायची सोय

मे महिन्यात भुसावळला पारा ४५च्या घरात असतो आणि घरात कूलर घरघरत असतो. कूलरच्या आवाजात सगळ्यात आधी काय बुडतं? झांजांची किणकिण आणि बासचा तळ. नेमक्या याच दोन गोष्टींवरून ड्रमर आणि बासवाला ओळखायचे असतात. तेव्हा उन्हाळ्यात ऐकायचं ते पहाटे, पंखा-कूलर बंद करून, कान पूर्ण झाकणारे हेडफोन लावून. फार महागडे लागत नाहीत. जळगावच्या गोलाणी मार्केटात मिळणारी मधल्या किमतीची वायरवाली जोडी चालेल. एवढासा ब्लूटूथ स्पीकर मात्र नको. त्यात डावी-उजवी बाजू एक होते आणि प्रोग्रेसिव्ह रॉकचा, म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉकचा, निम्मा खेळ त्या दोन बाजूंतच चालतो.

गाणी आधी डाउनलोड करून ठेवा. शेताकडच्या गावात वीज गेली की राउटरही जातो, आणि १७ मिनिटांचं गाणं १२व्या मिनिटाला तुटलं तर पुन्हा पहिल्यापासून. जळगाव-भुसावळ अप-डाऊन करणाऱ्यांना गाडीत ऐकायचा मोह होणारच. चौथ्या-पाचव्या ऐकण्याला चालेल, पहिलं ऐकणं घरीच.

३. जुनं किती ऐकायचं?

सगळं ऐकू नका. गिलमोरवर लिहायचं म्हणून पिंक फ्लॉइडचे सगळे अल्बम ऐकायला बसलात तर परीक्षण दिवाळीपर्यंत होणार नाही, आणि झालं तरी त्यात नव्या अल्बमला दोन ओळी उरतील. दोन अल्बम पुरतात: एक ऐन भरातला, एक मधल्या काळातला. गिलमोर असतील तर १९७३चा 'द डार्क साइड ऑफ द मून' किंवा १९७५चा 'विश यू वेअर हिअर' घ्या, आणि त्यासोबत २००६चा 'ऑन अ‍ॅन आयलंड'. यातला मधल्या काळातलाच जास्त उपयोगी. ऐन भरातल्या अल्बमशी तुलना केली की निकाल आधीच लागलेला असतो. मधल्याशी केली की माणूस कुठून कुठे चाललाय ते दिसतं.

रावेर-यावलच्या केळीवाल्याला हे समजावून सांगायला नको. पीलबागेचा (पहिल्या कापणीनंतर त्याच मुळावर वाढवलेल्या बागेचा) घड तो पहिल्या लागवडीच्या घडाशी तोलत बसत नाही. मूळ तेच, पण खर्च किती कमी झाला, दिवस किती वाचले, असा तिचा हिशेब वेगळा मांडतो.

४. पहिल्यांदा नुसतं, मग वही घेऊन

पहिलं ऐकणं सलग, दिलेल्या क्रमाने, फोन उलटा ठेवून. ही मंडळी रेकॉर्डच्या दोन बाजूंच्या काळात वाढली. १९७२च्या 'क्लोज टू द एज'मध्ये पहिल्या बाजूवर एकच गाणं, १८ मिनिटांहून मोठं. मागच्या बाजूवर दोन. बाजू कशी सुरू करायची, कुठे संपवायची, हा विचार त्यांच्या हाडीमाशी आहे. गाणी उलटसुलट लावली तर तो कळणार नाही.

दुसऱ्यांदा वही घ्या आणि वेळेसकट टिपणं करा. '२:१० ला कोरस' एवढं पुरेसं नाही. '२:१० ला मागचा बाईचा आवाज येतो, मुख्य आवाज खाली जातो' असं टिपा. सगळ्या गाण्यांना सारखा वेळ द्यायची गरज नाही. नऊ गाण्यांत दोन-तीनच अशी निघतात जी पुन्हा लावावीशी वाटतात, आणि एखादं असं निघतं ज्याला बोट पुढे ढकलायला जातं. परीक्षण या तीन-चार गाण्यांवरच उभं राहतं.

कान तयार करायला एक सोपा सराव. रोलिंग स्टोन्सचा 'हॅकनी डायमंड्स' ऑक्टोबर २०२३ मध्ये आला. ड्रमर चार्ली वॉट्स ऑगस्ट २०२१ मध्येच गेले होते, पण 'मेस इट अप' आणि 'लिव्ह बाय द सोर्ड' या दोन गाण्यांत त्यांनी आधी वाजवून ठेवलेले ड्रम्स आहेत. बाकी जिथे ड्रम्स आहेत तिथे स्टीव्ह जॉर्डन वाजवतात. आता 'मेस इट अप' आणि जॉर्डन यांचं 'अँग्री' एकामागून एक लावा. वॉट्स यांची एक सवय रसिकांत प्रसिद्ध आहे: डाव्या हाताने स्नेअरवर (समोरच्या कडक आवाजाच्या ड्रमवर) ठोका मारताना उजवा हात हाय-हॅटवरून (झांजांच्या जोडीवरून) ते उचलून घ्यायचे. त्या क्षणी झांज गप्प होते आणि ठोका मोकळा पडतो. बहुतेक ड्रमर दोन्ही एकदम वाजवतात. हे एकदा कानाला सापडलं की 'ताल दमदार आहे' हे वाक्य तुम्हाला लिहवणारच नाही.

वाद्यांची ओळख पटत नसेल तर लग्नाच्या बँडमधल्या कॅसिओवाल्याला गाठा. थट्टा नाही. रोज रात्री वरातीत शेकडो टोन फिरवणारा तो माणूस हॅमंड ऑर्गन, मेलोट्रॉन आणि साधी स्ट्रिंग (व्हायोलिनसारखा टोन) यांतला फरक तुम्हाला पाच मिनिटांत ऐकवेल. बाकीचं तुम्ही वाचून घ्या: मेलोट्रॉनच्या प्रत्येक पट्टीखाली टेपचा तुकडा असतो, आठेक सेकंदांचा, म्हणून त्यावरचा सूर अनंत काळ धरता येत नाही आणि किंचित थरथरतो. जॉन लॉर्ड हॅमंड ऑर्गन गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून वाजवायचे, म्हणून तो गुरगुरायचा. नव्या अल्बममध्ये हे आवाज खऱ्या वाद्यांतून येतात की संगणकातून, हे पुस्तिकेत बघा. नुसत्या कानाने ठरवायला जाऊ नका, भलेभले तिथे फसतात.

५. म्हातारा आवाज

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण वाचक पहिला प्रश्न हाच विचारणार: आवाज राहिलाय का?

वय वाढलं की वरचे सूर जातात, लांब सूर धरायला दम पुरत नाही, आवाजात खर येते. हे सगळ्यांचंच होतं. परीक्षकाचं काम त्यापुढे सुरू होतं: गायकाने त्यावर काय तोड काढली? तोडी ठरलेल्या आहेत आणि त्या ऐकू येतात. चाल मधल्या सप्तकातच फिरवायची. एकच ओळ दोनदा गाऊन आवाज जाड करायचा. वरची ओळ मागच्या गायिकेला द्यायची. गाण्याऐवजी अर्धवट बोलायचं. ओळी छोट्या करून मधल्या जागा वाद्याला द्यायच्या.

घरात भजनी मंडळाची पेटी असेल तर मोजूनच घ्या. जुन्या गाण्यातला गायकाचा सगळ्यात वरचा सूर पेटीवर शोधा, काळी दोन की पांढरी पाच, आणि कुठल्या सप्तकातली ते लिहा. मग नव्या अल्बममधल्या दोन-तीन गाण्यांत तेच करा. चार पट्ट्यांचा फरक सापडला तर 'आवाज थकलाय' म्हणायची गरज राहत नाही. गायक आता कुठपर्यंत जातो ते वाचकाला थेट सांगता येतं, आणि त्या मर्यादेत त्याने काय केलं यावर बोलता येतं.

जेथ्रो टलचे इयान अँडरसन हे मोठं उदाहरण. १९८४च्या दौऱ्यात त्यांच्या घशाला इजा झाली आणि आवाज पुन्हा पूर्वीसारखा झालाच नाही. फुप्फुसाचा जुनाट आजार असल्याचं त्यांनी २०२० मध्ये स्वतः जाहीर केलं. आणि हा माणूस बासरी वाजवतो! २०२५च्या 'क्युरियस रुमिनंट'मध्ये त्यांनी जवळपास १७ मिनिटांचं एक गाणं केलंय. त्यात कुठे गातात, कुठे बोलल्यासारखं म्हणतात, बासरी कुठे शब्दांची जागा घेते, हे वहीत मांडलंत की तुमचं परीक्षण आपोआप उभं राहतं. एक पथ्य: तब्येतीबद्दल कलावंताने जाहीरपणे जेवढं सांगितलं तेवढंच लिहायचं. 'श्वास लागल्यासारखा वाटतो, काहीतरी गंभीर असावं' असले अंदाज बांधायचे नाहीत. ऐकू येतं ते लिहा, निदान करू नका.

कधी कधी म्हातारपण हाच अल्बमचा विषय असतो. पिंक फ्लॉइडमध्ये पूर्वी असलेले रॉजर वॉटर्स यांनी ८०व्या वर्षी, २०२३ मध्ये, 'द डार्क साइड ऑफ द मून' सगळा नव्याने ध्वनिमुद्रित केला. गिटारचे सोलो काढून टाकले आणि त्या जागी खालच्या पट्टीत बोललेला मजकूर घातला. तिशीच्या आत जे लिहिलं ते आता ऐंशीतला माणूस म्हणतोय, असा तो डाव आहे. मला तो पहिल्या दोन-तीन गाण्यांत पटला, पुढे कंटाळा आला. एकाच पट्टीत चाळीसेक मिनिटं बोलणं संगीतातून उतरत जातं. तुम्हाला उलट वाटू शकतं. पण 'मूळ अल्बमची सर नाही' म्हणून तो फेटाळणं म्हणजे जे त्यांनी करायचंच नव्हतं ते केलं नाही म्हणून मार्क कापणं.

६. मात्रा आणि मिक्स

प्रोग्रेसिव्ह रॉक म्हटलं की अवघड ताल, अशी समजूत असते, आणि तबल्याचं थोडं अंग असलेल्या माणसाला इथे पुढे जाता येतं. पिंक फ्लॉइडचं 'मनी' सात मात्रांत चालतं. रूपकाची सवय असेल तर बोटांवर लगेच बसेल, फक्त पहिल्या मात्रेवर खालीची अपेक्षा ठेवू नका, तिथे चांगला वजनदार ठोका आहे. गिटारचा सोलो सुरू झाला की गाणं चार मात्रांत जातं आणि एकदम पळू लागल्यासारखं वाटतं. जेथ्रो टलचं १९६९चं 'लिव्हिंग इन द पास्ट' पाच मात्रांचं, तरी गुणगुणायला सोपं. मात्रा मोजून झाल्या की विचारा, त्यांचा उपयोग काय केलाय? नवीन अल्बममध्ये मात्रा नुसत्या दाखवायला बदलत असतील तर तसं लिहा. सगळा अल्बम सरळ चार मात्रांत असेल तर तो दोष समजू नका. सत्तरीनंतर साधं वाजवावंसं वाटणं याला कधी कधी प्रौढपण म्हणतात, आणि कधी कधी आळस. कुठलं, ते गाणं सांगतं.

मिक्स म्हणजे वेगवेगळ्या ध्वनिमुद्रित आवाजांची एकत्र जुळणी; ती शिकायला 'आय/ओ'इतका चांगला धडा नाही. गॅब्रिएल यांनी २०२३ भर दर पौर्णिमेला एक गाणं सोडलं आणि डिसेंबरात १२ गाण्यांचा अल्बम काढला. प्रत्येक गाणं दोन वेगळ्या मिक्समध्ये दिलं, एक मार्क 'स्पाइक' स्टेंट यांचं, दुसरं चॅड ब्लेक यांचं. पहिल्याचं नाव 'ब्राइट-साइड', दुसऱ्याचं 'डार्क-साइड'. वाजवणारे तेच, गाणारे तेच. फरक ढोबळ नाही: एकात आवाज पुढे असेल तर दुसऱ्यात ड्रम जवळ सरकतात, एखादं वाद्य इकडे स्पष्ट आणि तिकडे सावलीत. एक गाणं निवडा, दोन्ही मिक्स तीन-तीनदा ऐका आणि पाच फरक लिहून काढा. पाच सापडले नाहीत तर हेडफोन बदला, किंवा कूलर चालू राहिलाय का बघा.

तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा. मोठ्याने वाजणारं गाणं नेहमी जास्त चांगलं वाटतं, आणि जुन्या-नव्या आवृत्त्यांच्या भांडणात निम्मे लोक याच्यामुळेच फसतात. रिमास्टर, रिमिक्स आणि पुन्हा केलेलं ध्वनिमुद्रण या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची सरमिसळ करू नका. रिमास्टरमध्ये तयार मिक्सवरच शेवटचा हात फिरवतात. रिमिक्समध्ये प्रत्येक वाद्याचं आणि आवाजाचं मूळ ध्वनिमुद्रण सुटं घेऊन नव्याने जुळवतात, जसं स्टीव्हन विल्सन यांनी किंग क्रिमसन, येस, जेथ्रो टल यांच्या जुन्या अल्बमचं केलं. तिसऱ्यात वाजवण्यापासूनच सगळं नवं. आपण कुठली आवृत्ती ऐकली ते परीक्षणात लिहायलाच हवं.

७. शब्द

थोडक्यात: गीत सबंध छापू नका, सबंध भाषांतरही नको. हक्काचा प्रश्न आहे, शिवाय भाषांतरात चाल हरवली की उरतं ते कोरडं. गाणं कशाबद्दल आहे ते तुमच्या दोन वाक्यांत सांगा. शब्द कुणाचे, तेही तपासा. 'लक अँड स्ट्रेंज'मधले बहुतेक शब्द गिलमोर यांच्या पत्नी पॉली सॅमसन यांचे आहेत; ते 'गिलमोर यांचं आत्मचिंतन' म्हणून छापलंत तर लाज जाते. त्याच अल्बममधलं 'बिट्वीन टू पॉइंट्स' तर दुसऱ्या बँडचं जुनं गाणं आहे आणि ते गातात त्यांची मुलगी रोमनी, हार्पही त्याच वाजवतात. मुलीला पुढे केलं म्हणून नाक मुरडण्याआधी ते गाणं दोनदा ऐका. माझ्या मते त्या अल्बममधलं सगळ्यात नेटकं गाणं तेच आहे.

८. लिहायला बसा

सहाशे ते आठशे शब्द. पहिल्या परिच्छेदात अल्बम कुणाचा, कधीचा, कुणासोबत केलेला, आणि तुमचं मत काय, सगळं सांगून टाका. मत शेवटपर्यंत राखून ठेवायचं हा रहस्यकथेचा धंदा आहे. मग सगळ्यात जमलेलं गाणं जवळून दाखवा, मग न जमलेलं. 'पहिलं गाणं असं आहे, दुसरं तसं आहे' अशी यादी करू नका. ती अ‍ॅपवर आहेच.

नवख्यांच्या लिखाणात हमखास येणारा परिच्छेद असा असतो:

'गिलमोर यांची गिटार नेहमीप्रमाणेच काळजाला भिडते. वयाचा कुठलाही परिणाम जाणवत नाही. निर्मितिमूल्यं उच्च दर्जाची आहेत. चाहत्यांसाठी हा अल्बम म्हणजे पर्वणीच.'

चार वाक्यं, एकही ऐकून लिहिलेलं नाही. हाच परिच्छेद वही समोर ठेवून:

'शीर्षकगीताचा पाया २००७चा आहे. गिलमोर यांच्या घरच्या कोठारात काही मित्र मोकळे वाजवत बसले होते, कीबोर्डवर पिंक फ्लॉइडमधले त्यांचे जुने सहकारी रिचर्ड राइट. पुढच्याच वर्षी राइट गेले. तेव्हाचे त्यांचे सूर या गाण्यात तसेच ठेवलेत. कीबोर्ड पुढे पुढे करत नाही. गिटार जिथे श्वास घेते तिथे हळूच येऊन बसतो. गिलमोर यांचा आवाज आता खरखरीत झालाय, वर जाताना ताण कळतो, आणि गेलेल्या दिवसांवरच्या या गाण्याला तो ताण शोभतो. जास्तीच्या गाण्यांत त्या बैठकीचं १४ मिनिटांचं मूळ रूप दिलंय. ते ऐकलं की कळतं, गाणं करताना किती काढून टाकलं.'

हे खास लेखन आहे असं नाही. पण यातली बहुतेक वाक्यं अल्बम कानावरून गेल्याशिवाय सुचणार नाहीत. वाद्याच्या प्रेमात पडून वाद्याबद्दलच लिहू नका, तेवढं सांभाळा. गिलमोर यांची प्रसिद्ध काळी स्ट्रॅट गिटार २०१९च्या लिलावात ३९ लाख ७५ हजार डॉलरना गेली, ही माहिती चटकदार आहे, पण नव्या अल्बममध्ये ती वाजतच नसेल तर परीक्षणात तिचं काम काय? फार तर एवढं की ती गिटार विकूनही दोन सुरांत माणूस ओळखू येतो.

प्रसिद्धिपत्रकातलं काहीही उचलू नका. प्रत्येक जुन्या बँडचा प्रत्येक नवा अल्बम हा 'सत्तरच्या दशकानंतरचा सर्वोत्तम' असतो, असं ती पत्रकं सांगतात. विक्रीच्या यादीत पहिला क्रमांक आला हेही मत म्हणून वापरू नका; जुने चाहते पहिल्या आठवड्यात विकत घेतात, एवढंच त्यातून कळतं.

वाचक कोण, हे डोळ्यांसमोर ठेवा. तुमच्या परिचयातल्या बहुतेकांनी येसचं नावही ऐकलेलं नसेल. शेजारच्या आजोबांनी ओट्यावरून 'हाई काय वाजी ऱ्हायनं रे भो?' असं विचारलं तर त्यांना दोन वाक्यांत काय सांगाल, ते लिहून काढा. ती दोन वाक्यं बहुधा तुमच्या ठरवलेल्या सुरुवातीपेक्षा बरी निघतात. तीच वर घ्या.

९. देण्याआधी

नावांचं देवनागरी लेखन सगळीकडे एकच हवं: वर 'गॅब्रिएल' आणि खाली 'गेब्रियल' नको. पहिल्यापासून 'यांनी' लिहिलं असेल तर रागाच्या परिच्छेदातही 'यांनी'च राहू द्या. तारखा, वयं, कोण गेलं आणि कोण हयात आहे, हे दोन ठिकाणी तपासा. यातली शेवटची चूक झाली तर माफी मागूनही भागत नाही. गाण्यांच्या वेळा तुमच्या आवृत्तीवरच्या आहेत ना, ते बघा, कारण रेकॉर्ड आणि अ‍ॅप यांत फरक पडतो.

कॉलेजच्या नियतकालिकाला देत असाल तर संपादक बहुतेक तारे मागतील, पाचपैकी किती. द्यायचे असतील तर सगळं लिहून झाल्यावर द्या, आणि मजकुराशी जुळतात का ते बघा. साडेतीन द्यावेसे वाटले तर एकदा परत ऐका; साडेतीन म्हणजे बऱ्याचदा मत अजून ठरलेलं नाही. स्थानिक दैनिकाची रविवार पुरवणी असेल तर शब्दमर्यादा आधी विचारा. ते शेवटून कापतात, म्हणून न जमलेल्या गाण्याचा परिच्छेद अगदी तळाशी ठेवू नका, नाहीतर छापून येईल ते नुसतं कौतुक.